रिकामी ओळ

यात मीठमिरची एक चिमूटही लावलेली नाही. ज्यांना हसायचं त्यांनी खुशाल हसावं. जाकीरभाई आजही चिखलीत आहेत, आणि दुपारी लाईट गेली की आजही दुकानाबाहेर येऊन उभे राहतात.

साल दोन हजार सात. रमजानचा महिना. कापसाच्या जिनिंग मिलच्या रस्त्यावरचा जाकीरभाईंचा टीव्ही-रेडिओ दुरुस्तीचा गाळा.

वेळ दुपारची... भर उन्हाची.

या गाळ्याचा एक रिवाज होता. जो मशीन दुरुस्त करी, त्याने झाकणाच्या आत पेन्सिलीने आपलं नाव लिहायचं. देऊळघाटच्या नागसेनला हा रिवाज जाकीरभाईंनीच शिकवला. हातात सोल्डरची कांडीही त्यांनीच दिली.

आणि चार वर्षांत पोरगा पुढे निघून गेला.

गिऱ्हाईक दारातूनच विचारी, नागसेन आहे का? नसला तर म्हणे, मग उद्या येतो. जाकीरभाई हसून मान हलवायचे. पोटात मात्र दुखायचं.

मग नागसेनने कमालच केली. टीव्हीला जोडायच्या व्हिडिओ गेमसाठी त्याने स्वतःची सिस्टीम लिहिली. बटण दाबलं की सगळं मराठीत यायचं. कोणता गेम, किती खेळाडू, सगळं. कॉम्प्युटर क्लासमध्ये रात्रंदिवस बसून लिहिलं आणि एका चिपमध्ये भरलं.

बियाण्याचे दुकानदार भगवंतराव बघायला आले. बीटी कापसाच्या बियाण्याच्या पाकिटांवर त्यांना दिवाळीची सोडत ठेवायची होती. बक्षीस म्हणून असे पन्नास गेम हवे होते. ते खूश झाले, नागसेनची पाठ थोपटली आणि जाकीरभाईंकडे बघून म्हणाले, हे तुझे मदतनीस का?

स्वतःच्या दुकानात, स्वतःच्या खुर्चीवर बसलेला माणूस... मदतनीस!

तेवढ्यात पडद्यावर एकेक अक्षर उमटायला लागलं.

बनवणारा : नागसेन, देऊळघाट.

जाकीरभाई उठले.

"जाकीरभाई, थांबा ना. अजून एक ओळ येऊन राह्यली."

"बाहेर गिऱ्हाईक उभं हाये," ते म्हणाले.

बाहेर कोणीच नव्हतं.

चार दिवसांनी त्यांनी नागसेनला सांगितलं की ऑर्डर गेली, शेठला माल आवडला नाही. भगवंतरावांना सांगितलं की पोराची चिप खराब निघाली. एवढ्यावरही जीव शांत होईना. त्या चिपच्या पाठीवर काचेची बारीक खिडकी असते, ती पट्टी लावून झाकून ठेवतात. उघडी उन्हात राहिली तर आतलं सगळं पुसलं जातं. जाकीरभाईंनी पट्टी सोलली आणि चिप गाळ्याच्या छपराच्या टिनावर ठेवली. क्लासचा कॉम्प्युटर आधीच बिघडून साफ झाला होता. दुसरी प्रत नव्हती.

ऑर्डर गेल्याचं ऐकून नागसेन चिडला नाही. म्हणाला, असू द्या, मग फवारणीला जातो, कपाशीच्या पराटीवर पांढरी कीड आली आहे.

दोन दिवस फवारलं. तिसऱ्या दिवशी वावरातच चक्कर येऊन पडला. औषध अंगात भिनलं होतं. दवाखान्यातून तो परत आलाच नाही.

चिप टिनावरच होती.

पंधरा दिवसांनी त्याची आई, बेबीताई, गाळ्यात आली. रडली नाही. एवढंच म्हणाली, "टीव्हीवर माह्या पोराचं नाव येते म्हणे. मले एकदा दाखवा, जाकीरभाई."

उद्या या, ते कसंबसं म्हणाले. ती गेल्यावर टिनावर चढले. चिप काढून गेमला लावून तपासली तर चिप कोरी करकरीत. रात्रभर डोळ्याला डोळा लागला नाही. सकाळी ठरवलं, बाईला खरं सांगायचं.

दुसऱ्या दिवशी बेबीताई आली तेव्हा लोडशेडिंग सुरू होतं. पंखा बंद. जिनिंगची घरघरही बंद. चिप जाकीरभाईंच्या शर्टाच्या खिशात होती.

त्यांनी तोंड उघडलं...

आणि आवाज आला.

खर्र... खर्र...

गेमच्या बंद झाकणाच्या आतून. पेन्सिल चालावी तसा.

आवाज थांबला.

टीव्ही लागला.

लाईट नव्हती. टीव्हीची वायर भिंतीवर गुंडाळून टांगलेली होती. जाकीरभाई त्या वायरीकडे बघत राहिले. बेबीताईला यातलं काय कळणार? ती पदर सावरून पडद्याच्या जवळ सरकली. अक्षरं जुळवत वाचू लागली.

"बनवणारा..."

ती थांबली. पुढे काहीच आलं नाही.

"इथं काऊन रिकामं हाये, जाकीरभाई?"

त्यांचा हात शर्टाच्या खिशातल्या चिपवर गेला.

मग खाली दुसरी ओळ आली. एकेक अक्षर, सावकाश. त्या दिवशी जिच्यासाठी ते थांबले नव्हते, तीच.

"शिकवणारा... जाकीरभाई, चिखली." बेबीताईने वाचलं. "हे त तुमचं नाव हाये."

पडदा विझला.

ती उठली आणि बसस्टँडकडे निघून गेली. जाकीरभाईंनी झाकण उघडलं तेव्हा आत चिपची जागा मोकळी होती. झाकणाच्या आत नाव कुठेच नव्हतं, पण खाली पेन्सिलीचा ताजा भुसा पडला होता.

लोक म्हणतात, रोजा होता, उन्हाने डोकं गरगरलं असेल. बरं, मान्य. पण बेबीताईचा कुठे रोजा होता? तिनेही तेच वाचलं.

जाकीरभाईंनी तो गेम विकला नाही, फेकलाही नाही. कापडात बांधून वरच्या फळीवर ठेवला आहे. मागच्या उन्हाळ्यात मी विचारलं, कापड कधी सोडून बघितलं का?

"सोडा लागत नाही," ते म्हणाले. "लाईट गेली की ती ओळ कापडातूनच दिसते. मी दरवेळी त्याचं नाव मोठ्यानं म्हणतो. ओळ रिकामीच राह्यते. मंग बाहेर जातो."

एवढ्यात त्यांच्या डोक्यावरचा पंखा हळू झाला... आणि मी त्यांच्याआधी बाहेर आलो.