रिपीटर

तेलगावहून धारूरला जाणारी सकाळची एसटी घाटात थांबली ती मेंढरांमुळं. पुढं रस्ता असा दिसतच नव्हता, नुसती लोकर हलत होती. ड्रायव्हर हॉर्नवर हात ठेवून बसला, कंडक्टर दारात उभा राहून ओरडायला लागला, आणि मी खिडकीशी चरफडत बसले. राजेश्वर सरांच्या फिजिक्सच्या क्लासला आज पुन्हा उशीर होणार होता.

काठी घेतलेल्या एका पोरानं कळप कडेला लावला. मग ती काठी त्यानं वडलांच्या हातात दिली, बोरीला अडकवलेली पिशवी खांद्याला लावली, आणि... सरळ गाडीत चढला. सगळी एसटी त्याच्याकडं डोळे वटारून बघत होती. रिकामी जागा फक्त माझ्या पुढच्या बाकावर होती. बसता बसता तो मागं वळला.

"माझ्यामुळं उशीर झाला का?"

"मेंढरांमुळं झाला," मी म्हणाले.

"ती बी माझीच हायेत."

त्याच्या कॉलरला लोकरीचा एक पुंजका चिकटला होता. सांगावंसं वाटलं – पण अनोळखी मुलाला कोण सांगतं? धारूरला तो माझ्या मागं उतरला, माझ्या मागंच चालत राहिला. मी घाबरून भराभर पावलं उचलली. सरांच्या दारात तो चपला काढायला लागला तेव्हा कुठं कळलं, की तोही क्लासलाच आलाय.

त्याचं नाव नाथा. वडील आश्रुबा, घाटाच्या पायथ्याला त्यांची वस्ती. तोही माझ्यासारखाच रिपीटर होता, म्हणजे बारावी पास, पण डॉक्टरकीला मार्क कमी पडलेले, म्हणून पुन्हा बारावीला बसलेला. रिपीटर हा शब्द लोक असा उच्चारायचे, जसं काही एखादं दुखणंच.

माझं दुखणं मात्र वेगळंच होतं. घरी मला सगळं यायचं. पेपर हातात पडला, की डोक्यातली पाटी कुणीतरी ओल्या फडक्यानं पुसून टाकायचं. गेल्या वर्षी असंच झालं. आईनं सगळ्यांना सांगितलं, शिवकन्याला ताप होता.  तेलगावच्या बाजारात माझ्या वडलांचं, आप्पांचं, कापडाचं दुकान. घरात एकतरी डॉक्टर व्हावा, एवढंच त्यांचं मागणं होतं. "अजून एक वर्ष बस," ते म्हणाले. "जमलं तर जमलं. न्हाई तर मग तुझं लग्न बघू." रागावले असते तर बरं झालं असतं.

नाथाला फिजिक्स कळायचं नाही. भिंगाची आकृती काढताना तो किरण हमखास उलट्या बाजूनं न्यायचा.

"मॅडम, ह्यो किरण कावून वाकतो?"

"मला मॅडम म्हणू नका."

"मग काय म्हणू?"

 दुसऱ्या दिवसापासून तो शिवकन्या म्हणायला लागला. पूर्ण नाव... सावकाश... जणू जिभेवर ठेवून बघतोय. मी त्याला आकृत्या समजवायची, तो मला बायोलॉजीची नावं गावठी चालीत बसवून पाठ करून द्यायचा. एसटी स्टँडवरच्या लिंबाखाली गाडीची वाट बघताना आम्ही एकमेकांना प्रश्न विचारायचो. उत्तर चुकलं की तो भुवई उचलायचा. त्या भुवईसाठी मी मुद्दाम दोन-चार उत्तरं चुकवली आहेत.

त्या वर्षी बारावीच्या मार्कांवर भागणार नव्हतं. सीईटी नावाची नवीन परीक्षा आली होती. उत्तरं लिहायची नाहीत, कागदावरचे गोल पेन्सिलीनं काळे करायचे, आणि ते कॉम्प्युटर तपासणार. आमच्यापैकी कुणी कॉम्प्युटर बघितलासुद्धा नव्हता. सरांनी सरावाची एक चाचणी घेतली, तर मी पेन्सिल धरून शेवटपर्यंत तशीच बसले. एक गोल काळा झाला नाही.

स्टँडवर नाथा माझ्या शेजारी येऊन बसला. नेहमी मधे पिशवी असायची, त्या दिवशी नव्हती. मी त्याला सगळं सांगितलं. ते पुसलं जाणं, आईचा तो ताप, आणि ह्यावेळी जमलं नाही तर काय होणार तेही. रडू येत नव्हतं, ते आणखीच वाईट.

त्यानं लिंबाचा गळालेला मोहर चिमटीत चुरला.

"पहाटं अंधारात मेंढरं सोडली ना, की मला पण काई दिसत न्हाई," तो म्हणाला. "नुसता काळा ढीग. मग मी सगळ्यांकडं बघतच न्हाई. एक वळखीचं मेंढरू हुडकतो. ते घावलं, की त्याच्या शेजारचं वळखू येतं... मग त्याच्या शेजारचं. तू पण तसंच कर. पहिल्यापासून सुरू करू नको. येणारा एक प्रश्न हुडक."

बोलता बोलता त्यानं माझ्या ओढणीवर पडलेला मोहर टिपला, आणि आपण काय केलं ते लक्षात येऊन हात झटकन मागं घेतला. गाडी आली. मी चढले. घाट उतरेपर्यंत ओढणीच्या त्या जागेवर हात ठेवून बसले होते.

परीक्षा बीडला होती. उन्हानं डांबर चपलेला चिकटत होतं. आप्पा फाटकाबाहेर उभे राहिले, नाथाचा नंबर दुसऱ्या इमारतीत होता. पेपर आला आणि पाटी पुसली गेली. हात गार पडले. मग मी नाथाचं ऐकलं. ओळखीचा एक प्रश्न शोधला... भिंगाचाच होता. गोल काळा केला. मग दुसरा. मग मधले सोडून चौथा, सातवा – खरंच एकेक ओळखू येत होतं! इतकं सोपं असतं हे? मी हसत होते बहुतेक.

शेवटची थोडी मिनिटं राहिली तेव्हा दिसलं. सोडलेल्या प्रश्नांच्या रांगा मी गोलांच्या कागदावर रिकाम्या सोडल्याच नव्हत्या. सातव्याचं उत्तर चौथ्याच्या रांगेत, पुढची सगळी अशीच घसरत गेलेली. खोडायला लागले. घामानं कागद ओला, खोडरबरानं काळं फासलं गेलं, एके ठिकाणी तर फाटलाच. घंटा झाली. बाईंनी माझ्या हाताखालून कागद ओढून घेतला.

फाटकाशी नाथा वाट बघत होता. त्याच्या चेहऱ्यावर एवढी आशा होती, की... आप्पा शेजारीच होते. मी फक्त मान हलवली. नाही.

निकाल लागले. सीईटीत दोघांचाही नंबर लागला नाही. मला बारावीलाही गेल्या वर्षीएवढेच मार्क. नाथाचे मात्र बारावीचे मार्क चांगले वाढले होते, त्यावर त्याला परभणीला जनावरांच्या डॉक्टरकीला जागा मिळाली. मला बघायला युसूफ वडगावहून माणसं आली. मुलाचा चेहरा आता आठवत नाही. मी चहा नेला, विचारलं तेवढं बोलले, आणि त्यांचा होकार आला. मी नाही म्हटलं नाही. नाही म्हणायला हातात काहीतरी लागतं.

आणि एक दिवस भरदुपारी, मी आप्पांच्या हाताखाली असताना, नाथा आमच्या दुकानात आला. आप्पांनी त्याला ओळखलं, कौतुकानं पाणी दिलं. "आजकाल पोरं रेडिमेड घेतात, तू कापड घ्यायला आलास, बरं वाटलं," म्हणाले, आणि मला ठाण काढायला सांगून दाराशी आलेल्या गिऱ्हाइकाकडं वळले.

मी ठाण उलगडलं. तो कापडाकडं बघतही नव्हता.

"मी परभणीला जात न्हाई," तो हळूच म्हणाला. "अजून एक साल बसतो. तू पण बस. आपण दोघं... मी तुझ्या आप्पांशी बोलतो."

"काय बोलशील?"

"जे क्लासच्या पहिल्या दिवसापासून मनात हाय ते."

कापडावर माझी बोटं थांबली. इतके महिने ज्याची वाट बघितली ते असं आलं होतं, कोऱ्या कापडाच्या वासात, आप्पांचा आवाज दोन हातांवर असताना. मला आश्रुबांचं ते रस्त्यातलं उभं राहणं आठवलं, पोराची काठी हातात घेऊन. आणि आणखी एक वर्ष, तो तिसरा पेपर, पुन्हा गार पडलेले हात.

"त्या दिवशी हॉलमधे काय झालं गं?" त्यानं विचारलं. "मी सांगितलं तसं केलतं का?"

"नाही," मी म्हणाले. "आठवलंच नाही रे. डोकं बंद पडलं."

ते खोटं मी पुन्हा कधी दुरुस्त केलं नाही.

मग मी कात्री घेतली. त्यानं रंग पसंत केला नव्हता, माप सांगितलं नव्हतं. मी अंदाजानं दोन शर्टांचं कापड मोजलं, आणि तो "थांब, थांब" म्हणेपर्यंत कापून मोकळी झाले. कात्रीचा तो कर्रकर्र आवाज मला माझ्याच छातीत ऐकू आला.

"कापलेलं परत घेत नसतात," मी म्हणाले. "परभणीला घालायचं."

त्याचे डोळे भरून आले. "आणि तू?"

"मला पण तेच होतं, नाथा. पहिल्या दिवसापासून." एवढंच पुरतं बोलता आलं. "जा आता."

आप्पांनी तिकडून विचारलं, कोणता रंग दिला गं? मी म्हणाले, आकाशी. त्याला शोभेल, ते म्हणाले.