मावशीची काच

ही घटना अक्षरशः खरी आहे. त्या दुपारी मानवी ज्ञानाच्या सीमा हादरल्या.

सीमांचं जाऊ द्या, साहेब मात्र नक्की हादरले.

बाहेर पाहुणे चहा-बिस्किटं घेत होते. आतल्या काळोख्या खोलीत साहेब एकटेच तयारी करत होते.

साहेबांचं सगळं आयुष्य झिंक ऑक्साइडच्या नॅनोकणांत गेलेलं. हे अतिसूक्ष्म कण कर्करोगाच्या पेशींना चिकटतात आणि जांभळ्या दिव्याखाली चमकतात. निरोगी पेशी काळोख्याच राहतात. हे आज पाहुण्यांना दाखवायचं होतं.

निरोगी नमुने लागले की साहेब घरच्यांना धरत. हक्काची माणसं! मागच्या वर्षी त्यांनी मावशीच्या गालाच्या आतून कापूस फिरवून पेशी काचेच्या पट्टीवर घेतल्या होत्या.

"बाळ्या, काही निघालं तर लपवू नकोस हं."

"तुला काय धाड भरलीय? तू निरोगी गटात आहेस, मावशी!"

मावशीची काच चमकली.

निरोगी गटातली काच चमकते म्हणजे काचच खराब, असं ठरवून साहेबांनी ती फेकली. तिच्या जागी स्वतःच्या गालातल्या पेशींची काच लावली. आकडे कसे छान जुळले!

मावशीला ते काहीच बोलले नाहीत. वर्ष सरायच्या आत मावशी गेली. तोंडाच्या कर्करोगानं.

आज साहेबांनी दिव्याखाली पहिली काच सरकवली. स्वतःची.

चमकली...

घाईघाईने निरोगी गटातली दुसरी ठेवली.

तीही...

मग पुडक्यातली नवी, कोरी काच काढली. तिच्यावर काहीच नव्हतं.

हिरवट-पिवळा उजेड... हळूहळू पसरत गेला...

पंख्याची घरघर थांबली. बाहेरच्या गप्पाही ऐकू येईनात.

कुणीतरी खांद्यावरून वाकून बघत होतं... कानाशी गार श्वास...

"मलासुद्धा दिसतंय की रे, बाळ्या..."

साहेबांनी दिवा विझवला आणि बाहेर येऊन दार ओढून घेतलं. शर्ट घामाने अंगाला चिकटलेला.

"झाली तयारी? बघायचं का?" मोठ्या पाहुण्यांनी विचारलं.

"नाही." साहेबांची मान वर होईना. "निरोगी म्हणून घेतलेली एक काच चमकली होती. मी ती फेकून दिली, कुणाला सांगितलं नाही. ती... माझी मावशी होती."

तोंडातलं बिस्किटसुद्धा कुणी चावेना.

मागे, बंद दाराच्या फटीतून, हिरवट उजेड अजून येतच होता...

साहेबांनी तिकडे एकदा पाहिलं. रुमालाने नाक पुसलं.

"माझा चष्मा आत राहिलाय," ते हळूच म्हणाले. "कुणी आणून देता का?"