शब्बाथची पाचपेडी

धाकट्या लेकीचं, रिकाचं, लग्न झालं त्याच वर्षी झिंबुलच्या सुनेला, लूनाला, तिसऱ्यांदा दिवस गेले. आधीची दोन बाळं हाती लागली नव्हती.

कळा शुक्रवारी दुपारी सुरू झाल्या. शनिवारची दुपार कलली तरी सुटका होईना. साफेद गावातल्या त्या दगडी खोलीत राखेवर रात्रभर शिजणाऱ्या हामीनच्या कालवणाचा वास कोंडला होता. झिंबुल स्वतः सुईण. तिने पेट्यांची झाकणं उघडली, गाठोडी सोडली, लूनाची वेणीही सोडली. शब्बाथला, शनिवारच्या विश्रांतीच्या दिवशी, एरवी वेणी सोडणंही चालत नाही, पण जीव अडला की चालतं.

पाण्याचं भांडं घेऊन ती वळली, तर वेणी घातलेली. घट्ट, पाच पेडांची.

"शब्बाथला वेणी? कुणी घातली गं?"

"तुम्हीच ना, आई? हात किती गार होते."

झिंबुलचे हात कढत पाण्याने लाल झाले होते. तिने वेणी पुन्हा सोडली. कळा थांबल्या. त्याने ती जास्तच घाबरली.

फडकं पिळेपर्यंत वेणी अर्धी झाली होती, आणि लूना पुन्हा कण्हत होती.

उंबऱ्याबाहेर झिंबुलचा नवरा, योमतोव, स्तोत्रं पुटपुटत होता.

"अहो, हिची वेणी सुटी राहत नाही."

"सोडतेस कशाला?"

"गाठ असली की बाळ अडतं. इतकं शिकून एवढं कळत नाही?"

"देवानं हव्वेला घडवलं तिथे 'बाना' शब्द आहे. बांधलं. जुने गुरू म्हणतात, म्हणजे तिची वेणी घातली. समुद्राकाठी वेणीला बांधणंच म्हणायचे. मूल हवं होतं तेव्हा आपली मूळमाता सारा म्हणाली, मी बांधली जाईन. तोच शब्द."

"म्हणूनच आज वेणी घालायची नाही. बांधकाम होतं ते."

"आपण नाही घालायची. ज्यांना शब्बाथ लागत नाही, त्यांना बांधू दे."



ती आत आली. लूनाचे गुडघे धरून बसली आणि केसांकडे पाहायचं तिने टाळलं.

केसांवर केस घासल्याचा आवाज येत राहिला.

मग तो थांबला.

मग बाळ रडलं.

"मुलगी," झिंबुल दाराकडे तोंड करून म्हणाली, "आणि तुमच्यासारखीच तोंडाळ." योमतोव रडत रडत हसला. लूनाच्या कपाळावर हात ठेवून ती म्हणाली, "बांधली गेलीस गं बाई." कालपासून पहिल्यांदाच तिला भूक लागली. हामीन तिने उभ्यानेच खाल्लं.

आकाशात तीन तारे दिसल्यावर, शब्बाथ संपल्यावर, तिने वेणीचं टोक हातात घेतलं. निळ्या दोऱ्याने बांधलेलं होतं. त्या घरात निळा दोरा नव्हता.

पाच पेडांची वेणी एकीलाच येत असे, समुद्राकाठच्या अक्को गावच्या देलिसियाला. ती लूनाची आई. लूनाच्या लग्नाआधी चार वर्षं, एलूल महिन्याच्या तीन तारखेला, ती तापाने वारली.