सरावलेली चाकं

जोतिराम चव्हाणाची वडापची जीप कऱ्हाड-पाटण रस्त्यावर कधी घसरली नव्हती. पण त्या रस्त्यावरून हातभर बाहेर गेली, की तिचा भरवसा नव्हता. त्या काळात सगळ्याच गाड्यांना रस्ता शिकणारं नवं रबर बसलं होतं, आणि सगळ्यांचंच तसं झालं होतं. डॉक्टर रुग्णाच्या गावाला जाऊ शकत नव्हता, त्याची चाकं दवाखान्याचीच वाट शिकलेली. लांबच्या एसट्या तर एकेक करून बंदच झाल्या होत्या. लोक याला सुरक्षितता म्हणत होते. अपघात कमी झाले म्हणून सभागृहात बाकं बडवली गेली, आणि साधं रबर विकणं गुन्हा ठरला. घरातून बाहेर न पडणारा माणूसही अपघातात मरत नाही, हे बाक बडवताना कुणाला सुचलं नाही.

दुपारी माणसामागं भाडं घेत वडापची जीप भरत होती. पुढच्या सीटवर डॉ. शर्मिष्ठा ओक बसल्या होत्या. रबर सरावतं कसं, याची पाहणी करत त्या गावोगाव फिरत होत्या. हे रबर ज्या प्रयोगशाळेत जन्मलं, तिथल्याच त्या.

"म्हंजे हे तुम्हीच केलं व्हय?" जोतिरामनं विचारलं.

"मी एकटीनं नाही."

"पाप वाटून घेतलं की हलकं हुतं. बरं, सांगा तरी, ह्यात हाय काय?"

बाई हसल्या, पण सांगायला लागल्या. "आधी ट्यूबचे टायर होते. खिळा लागला की ट्यूब फाटायची, हवा एकदम जायची. मग ट्यूबलेस आले, त्यात हवा हळूहळू जाते, माणूस गॅरेजपर्यंत पोचतो. रेडियल आले, आतले धागे आडवे, त्यामुळं तळ रस्त्याला नीट टेकतो. पण या सगळ्यांत रबर मुकं होतं. आम्ही सरावी रबर केलं. तुमची कोल्हापुरी वहाण कशी, आधी चावते, मग पायाचा आकार घेते?"

"घेती की. मग दुसऱ्याला चावती."

"तेच. या रबराच्या रेणूंच्या साखळ्या वर्षभर रस्त्याचे उंचवटे सोसतात आणि स्वतःला तशा रचून घेतात. कुठं वळण, कुठं खडी, ते चाकाला आधीच कळतं. जिथं पकड हवी तिथं मऊ होतं, सरळ रस्त्यावर कडक. वर्षानंतर ती रचना घट्ट होते. मग काही नवीन शिकत नाही."

"आणि परक्या रस्त्यावर?"

"तिथंही ते आपलाच रस्ता आहे असं समजतं. नेमकं वळणावर काचेसारखं कडक होतं."

तेवढ्यात जोतिरामचा फोन वाजला. लेक होती, देवयानी. डोंगरापलीकडं खडकवण्याला दिली होती.

"आबा, निघाले मी. बाळाला घेऊन. परत न्हाई जायाची."

वर्षभर जोतिराम या फोनची वाट बघत होता आणि हा फोन येऊ नये म्हणून नवसही बोलत होता. जावई रणधीर हात उगारतो, हे साऱ्या भावकीला ठाऊक होतं. भावकी म्हणायची, दिवस जातील तसं निवळंल.

"गाडी घेऊन निघालीस?"

"व्हय. पण आबा, घाटाच्या फाट्यावर अडकलेय. आपल्याकडं वळवली की गाडी सरकती. दोनदा कठड्याला घासली. खाली दरी हाय. चालत यावं तर घाटात वस्ती न्हाई, आन् बाळ तापलंय."

जोतिरामनं स्पीकर लावून फोन बाईंपुढं धरला. "सांगा. तुमचं रबर हाय, तुम्ही सांगा."

बाईंनी विचारलं, "देवयानी, ही गाडी कधीच माहेरी आणली नव्हतीस?"

उत्तर जोतिरामनं दिलं. "कशी आणंल? लेक आपल्या पायानं माहेरी येती का? न्यायला मुराळी जावा लागतो. दर सणाला मी जायचो. चाकं शिकत हुती तवर कुठलीबी गाडी घाट चढायची, पण वडापची जीप नेली तर व्याही हसतील, म्हणून भाड्याची चकचकीत गाडी न्यायचो."

"आणि तिची गाडी?"

"अंगणात. शेत, डेअरी, बाजार, एवढंच. मीच दिली लग्नात. त्यांनी मागितली न्हवती, नुसतं म्हणाले, आमच्या अंगणात जागा हाय."

वर्षभर मानपान पाळला गेला होता, आणि वर्षभर चाकं शिकत होती.

"हवा काढली तर?" जोतिराम म्हणाला. "रिंगवर येऊ दे."

"रिंग कुठली आहे?"

"अलॉय. चांदीगत चमकती, म्हणून मीच निवडली."

"पोलादी असती तर वाकत वाकत का होईना, आली असती. अलॉय हलकी असते, दगडावर आपटली की तडकते. घाटात तडकली तर..."

"मग स्टेपनी?"

"एक चाक बदलून काय होणार?"

जोतिरामनं मागं वळून पाहिलं. "उतरा सगळी. जीप पाटणला जात न्हाई."

"आरं ए, दवाखान्यात जायाचंय मला!" मागून एक म्हातारी ओरडली.

"मावशे, पाया पडतो. उतर."

"ही जीपसुद्धा घाटात जाणार नाही," बाई म्हणाल्या. "पहिल्याच वळणावर जाल. लेक तिथं, आणि तुम्ही दरीत."

"मग काय करू? हितं बसून तुमचं रेणू ऐकू?"

बाईंकडं अपघातांचे आकडे होते, ते त्यांनी उच्चारले नाहीत, एवढी तरी लाज होती.

जोतिराम फोनमध्ये ओरडला, "देवे, काचा लावून बस आत. चालत येतो मी. सांज हुईल, पण येतो. रणधीर किती मागं हाय? त्यानं गाठायच्या आत..."

"त्यो मागं न्हाई, आबा."

"मग? पळालीस कशी? कुणी अडवलं न्हाई तुला?"

फोनमधून बाळाचं कण्हणं आणि देवयानीचं त्याला थोपटणं ऐकू आलं.

"त्यो सोप्यात जेवत होता. मी पिशवी भरली, बाळाला घेतलं, गाडी काढली, त्यानं ताटावरनं मान वर केली न्हाई. फाटक सताड उघडं होतं. सासूबाई कट्ट्यावर शेंगा फोडत होत्या. म्हणाल्या, जा की बाई, जा. सांजच्याला धारा काढायच्यात, तवर येशीलच."