पाय आधी, मी मागून

खरं की खोटं ते तुमचं तुम्ही ठरवा. मी चौतीस वर्षं ॲम्ब्युलन्स चालवली, डोळ्यांवर अजून भरवसा आहे माझा. आणि ज्याच्या बाबतीत हे घडलं त्याच्याबरोबर मी एका ताटात जेवलोय. तेव्हा ए पोरी, तो मोबाइल खाली ठेव. रात्रपाळीला नवीन आलात ना सगळे? मग रात्रपाळीचं ऐका.

दवाखाना हाच, आणि तेव्हाही नन लोकांचाच. मुख्य नन होत्या त्यांना आम्ही मदर म्हणायचो. वॉर्डबॉय होता चारबोट्या. त्याचं खरं नाव पगाराच्या दिवशीच काय ते कानावर पडायचं. डाव्या पायावर ऑक्सिजनचा सिलिंडर पडून करंगळी गेली होती, म्हणून चारबोट्या. माणूस दिलदार, कामाला वाघ, पण कंटाळा आला की देवालासुद्धा उद्या ये म्हणेल असा.

त्या दिवशी संध्याकाळी मदरनी त्याला बोलावलं आणि पांढऱ्या कापडात बांधलेलं एक गाठोडं हातात दिलं. वर चिठ्ठी बांधलेली. म्हणाल्या, "दफनभूमीत नेऊन पुरून ये. फादर गावाहून आले की प्रार्थना करतील."

गाठोड्यात पाय होता. डावा, गुडघ्याखालचा.

तोंडं वाकडी करू नका. या दवाखान्याचा नियमच होता तो. अपेंडिक्स, गाठी, असलं सगळं पिवळ्या पिशवीत घालून मागच्या भट्टीत जाळायचं. पण हात, पाय, पंजा, माणसाचा म्हणून ओळखू येईल असा अवयव असला की तो मातीत, प्रार्थनेसह. मदर म्हणायच्या, "शरीर म्हणजे माणसानं घातलेला सदरा नव्हे, फाटला की टाकून द्यायला. ते शरीर म्हणजेच तो माणूस."

"भट्टी कुठंय मामा? आम्हाला तर कुणी दाखवली नाही."

आता नाही. का नाही, तेच सांगतोय.

तर तो पाय होता खडीवाल्याचा. खडीच्या मशीनवर काम करायचा, पट्ट्यात पाय गेला. मीच आणला त्याला. दरवाज्यासारखा आडवा माणूस, आणि पायाचा नुसता चिखल झालेला, हाडाच्या काड्या बाहेर आलेल्या. तरी शुद्धीवर. सर्जन म्हणाले, कापावाच लागेल. हा म्हणाला, "कापाल तर एकेकाचं डोकं फोडीन." सलाइनचा स्टँड उचलून भिरकावला त्यानं, खिडकीची काच फुटली. सर्जन चिडले. म्हणाले, गुंगी देतो आणि कापून टाकतो, उद्या पाया पडेल माझ्या.

मदर आडव्या आल्या. "माणूस शुद्धीवर आहे, नाही म्हणतोय. सगळं शरीर वाचवायला एक भाग काढला तर ते पाप नाही. त्याच्या होकाराशिवाय काढला तर आहे."

मग दीड तास त्याच्या खाटेशी बसल्या. त्याला मागे-पुढे कुणी नव्हतं. बायको नाही, पोर नाही. शेवटी तो रडत म्हणाला, "मदर, माझ्यापाशी हे शरीर सोडून काही नाही. कापा. पण फेकू नका. मातीत ठेवा, आणि मी मेलो की मला त्याच्या शेजारी ठेवा. पाय आधी जाऊ दे, मी मागून येतो." मदरनी शब्द दिला. त्या शब्दावर त्यानं अंगठा उठवला. एवढं लक्षात ठेवा, पुढचं सगळं त्या शब्दापायी झालं.

आता चारबोट्याचं बघा. दफनभूमी टेकाडावर, जमीन सगळी दगडाची. खड्डे खणणारा सासुरवाडीला गेलेला. म्हणजे कुदळ यालाच मारायची. आणि सात वाजता टीव्हीवर मॅच, फायनल. गाठोडं घेऊन मागच्या दारानं निघाला तर भट्टी रसरसलेली. दहा पावलांवर. त्यानं इकडं तिकडं बघितलं. स्वतःशीच म्हणाला, मातीत गेलं काय नि राखेत गेलं काय, पायाला थोडंच कळतंय?

आणि टाकला आत.

पावणेसात वाजले होते. नेमकं पावणेसातला वॉर्डात खडीवाला शुद्धीवर आला आणि किंचाळला, "पाय जळतोय! अरे विझवा कुणीतरी, पाय जळतोय माझा!" चौघांनी दाबून धरला तरी खाट हलत होती. सर्जन म्हणाले, होतं असं. पाय गेला तरी मेंदूला तो आहे असंच वाटतं. इंजेक्शन दिलं. खरं असेल त्यांचं, शिकलेली माणसं.

मदरनी चारबोट्याला गाठलं. "पुरलास ना?"

"पुरला, मदर. या हातांनी."

मदरनी जाऊन खडीवाल्याला तेच सांगितलं. ती बाई उभ्या जन्मात खोटं बोलली नव्हती. याच्या एका मॅचपायी ते खोटं तिच्या तोंडून गेलं.

तिसऱ्या दिवशी जखम चिघळली, विष अंगभर पसरलं. रात्री चारबोट्या चादर बदलायला गेला. खडीवाला पडल्या पडल्या नाकानं हुंगत होता. म्हणाला, "तुझ्या हातांना माझा वास येतोय रे. करपलेला."

चारबोट्या मागं सरकायच्या आत त्याचा गळा त्या पंजात होता. खडी फोडणारा पंजा. एकदा त्याचं डोकं खाटेच्या लोखंडावर आपटलं, परत आपटलं. भुवई फुटून रक्त डोळ्यांत उतरलं. "कुठंय? कुठंय माझा पाय?" मी आणि दोन नर्स मिळून बोटं सोडवत होतो आणि एकही सुटत नव्हतं. मग ती आपोआप ढिली पडली. माणूस गेला होता. डोळे उघडे, चारबोट्यावर लागलेले.

दुसऱ्या दिवशी दफन. फादरनी विचारलं, पाय नेमका कुठे पुरलाय? फादर होते, तिथं तोंड उघडायला हरकत नव्हती. कबूल केलं असतं तर फादरनी रागावून का होईना, मार्ग काढला असता. यानं कोरड्या जमिनीकडे बोट दाखवलं. म्हणाला, तिथं. फादरनी तिथंही पाणी शिंपडलं, आणि शेजारी खडीवाल्याला ठेवला.

त्याला चार रात्री झाल्या. सोमवार संपून मंगळवार लागला होता. तारीख सतरा फेब्रुवारी. घड्याळात तीनला दहा कमी. चारबोट्या वॉर्डाबाहेर बाकावर बसला होता. सगळे रुग्ण झोपलेले. नर्स आत औषधं लावत होती.

थप्.

ओल्या फरशीवर अनवाणी पाय पडावा तसं. त्यानं मान वर केली. व्हरांडा रिकामा.

थप्...

एक पाय पडायचा. मग दुसऱ्याची वेळ यायची. ती नुसतीच जायची. मग पुन्हा...

थप्.

"कोण आहे?"

करपल्याचा वास आला.

तो उठला. चालायला लागला. मागून थप्. तो पळाला. मागून आवाज तेवढ्याच सावकाश. पण जवळ. आणखी जवळ. वॉर्डाचं दार लागलेलं. जिन्याचं दार, कुलूप. एकच दार उघडं होतं. मागचं.

बाहेर अंधार. समोर भट्टीची खोली. भट्टी दुपारपासून बंद. तिचं झाकण उघडं होतं.

त्यानं हात जोडले. "चुकलं माझं. राख काढतो. आत्ता काढतो. नेऊन पुरतो..."

गुडघ्यांवर बसला. हात आत घातला. गार राख. चिमूटभर. मूठभर. खाली काहीतरी टणक लागलं.

ते हललं.

त्यानं हात ओढला. उठून मागं फिरला. तेवढ्यात डावा घोटा धरला गेला. आतून. पाच बोटं. त्याला एकेक मोजता आलं, म्हणाला. तो पालथा पडला, दात फरशीवर आपटून दोन तुटले. नखांनी फरशी धरली. नखं निघाली. पाय आत गेला. घोटा. पोटरी. गुडघा...

मग आतून पेटलं.

किंकाळी ऐकून मी गाडीतून उठून धावलो. तीन वाजून पाच मिनिटं. काखेत हात घालून ओढलं त्याला. पाय गुडघ्यापर्यंत कोळसा. मांस हाडाला चिकटलेलं. आणि पोरांनो, त्याला ओढताना माझा हात भट्टीच्या पत्र्याला लागला... पत्रा गार होता. सकाळी पाण्याच्या पाइपला हात लावावा तसा गार.

सर्जन म्हणाले, कापावाच लागेल. मदर आल्या. खाली वाकून त्याच्या कानाशी विचारलं, "तुझा होकार आहे?" तो ओक्साबोक्शी रडायला लागला. त्या खाटेवर त्यानं सगळं ओकलं. गाठोडं, भट्टी, मॅच, सगळं.

मदर रागावतील असं मला वाटलं होतं. त्यांनी त्याच्या डोक्यावर हात ठेवला. मग म्हणाल्या, "शब्द मी दिला होता. मी तुला विचारलं, पण जाऊन बघितलं नाही. चूक माझीही आहे." मला भरून आलं, खोटं कशाला सांगू.

चारबोट्याचा पाय मदरनी दुसऱ्या कुणाच्या हातात दिला नाही. पांढऱ्या कापडात स्वतः बांधला. जळला होता, पण पंजा शाबूत होता, बोटं मोजता येत होती. टेकाडावर मी कुदळ मारली, त्यांनी माती ओढली. जागा कोणती? दुसरी कुठं होती? खडीवाल्याच्या शेजारची, यानं खोटं बोट दाखवलेली, तीच. फादरनी प्रार्थना केली. भट्टीत उरलेली राखही मदरनी डब्यात भरून आणली होती, ती खडीवाल्याच्या उशाशी घातली, आणि भट्टी पुढच्याच आठवड्यात पाडून घेतली. परतताना म्हणाल्या, आता फिटलं. मलाही वाटलं, फिटलं.

त्या रात्री मी चारबोट्याजवळ बसलो होतो. पहाटे सव्वापाचला त्यानं डोळे उघडले.

"मामा," तो म्हणाला, "माझा पाय गार पडलाय."

"पाय नाहीये रे बाबा. झोप."

"त्याला माती लागतेय."

मी त्याची चादर वर ओढली. थोड्या वेळानं त्यानं माझं मनगट धरलं.

"मामा... माझा पाय चालतोय."

मी नर्सला हाक मारली. तिनं इंजेक्शन दिलं. होतं असं, म्हणाली. मेंदूला वाटतं.

"उतार लागला," चारबोट्या पुटपुटला. "आता फरशी."

मग तो झोपला. मला कधी डुलकी लागली ते कळलं नाही.

फरशी पुसणारी मावशी पाच वाजता पुसून गेली होती. सहाला परत आली आणि तिच्या हातातली बादली पडली. त्या आवाजानं मी जागा झालो. मागच्या दारापासून चारबोट्याच्या खाटेपर्यंत मातीची पावलं उमटली होती. खाटेच्या पायथ्याशी दोन्ही पावलं शेजारी शेजारी उभी. तिथून वळून मुख्य फाटकाकडे गेलेली. लंगडत नाही, चांगल्या दोन पायांच्या माणसासारखी, सरळ.

मी वाकून बघितलं. उजवं पाऊल हे एवढं मोठं, रुंद, पाच बोटांचं.

डावं त्याच्यापेक्षा लहान होतं. त्याला करंगळी नव्हती.