खांबावरचा आवाज

डोळे मिटा पाहू जरा. आता एक खिडकी समोर आणा. खिडकीपाशी शिलाई मशीन, मशीनशेजारी तिवईवर घरचा जुना, तारेचा फोन, आणि बाहेर रस्त्यापलीकडे त्या फोनचा खांब. आणलात? आता खांबावर एक माणूस चढवा. सावकाश हं, पडायला नको!

तो लाइनमन. आणि मशीनवर, ओठांत टाचण्या धरून बसली आहे ती पिटुकलीची आत्या. पिटुकली म्हणजे तिच्या दादाची मुलगी. शाळा सुटली की आत्याच्या पायाशी, चिंध्यांच्या ढिगात हिचा मुक्काम.

फोन पहिल्यांदा मुका झाला तेव्हा लाइनमन दारात आला, "मॅडम... फोन..." एवढंच म्हणाला, कानाच्या पाळ्यांपर्यंत लाल झाला आणि तडक खांबावर चढला. थोड्या वेळाने घरातला फोन खणखणला. वर तारेला आपला छोटा फोन जोडून तो बोलत होता.

"हॅलो, आवाज येतोय?"

"येतोय की! मघाशी दारात कुठे हरवला होता?"

"दारात तुम्ही समोर असता ना... इथे मध्ये एवढी लांब तार आहे. जरा धीर येतो."

आत्याने टाचण्या ओठांतून काढल्या. हसताना टोचतात त्या.

वाऱ्याने झाडाची फांदी तारेला घासायची आणि फोन पुन्हा पुन्हा मुका व्हायचा. दर वेळी दारात तेच, "मॅडम... फोन..." आणि वर चढला की स्वारीला कंठ फुटायचा!

"तुमच्या मशीनचं चाक थांबलेलं दिसतंय इथून."

"तुमच्यामुळेच थांबलंय. आता गिऱ्हाइकाला एकाच बाहीचा सदरा देऊ का?"

"द्या. दुसरी बाही मी हिरावली म्हणून सांगा."

बोलता बोलता त्याचे हात चालूच असायचे. आत्या बघत राहायची. तारेचे कापलेले तुकडे तो कधी खाली टाकत नसे, एकेक खिशात ठेवी. एकदा तिने विचारलंच, तेव्हा तो म्हणाला, "खाली पोरं अनवाणी खेळतात." बस, एवढंच. पण त्या दुपारी आत्याची शिवण सरळ रेघ सोडून कुठच्या कुठे गेली.

"आत्या, अगं, तू खिशाचं तोंडच शिवून टाकलंस!" पिटुकली ओरडली.

आणि एक दिवस जेवताना दादा म्हणाला, "हा फोन काढून टाकू या का? सगळे तर मोबाइलवरच बोलतात. पण तुझ्या कामासाठी घेतला होता, तेव्हा तूच ठरव."

काय ठरवणार? गिऱ्हाइकंही केव्हाच मोबाइलवर गेली होती. पण फोन गेला तर तो कशाला येईल? आणि ठेवला... तर तो जन्मभर खांबावरूनच बोलेल.

पुढच्या वेळी फोन मुका झाला, लाइनमन वर चढला, घंटी वाजली.

"हॅलो, आवाज येतोय?"

"येतोय. ऐका... हा फोन बंद करावा म्हणतेय मी."

खांबावरचे त्याचे हात पहिल्यांदाच थांबले.

"बरोबर आहे तुमचं," तो म्हणाला. "तुम्हाला याची गरजच नाही. मीच आधी सांगायला हवं होतं. पण... मग मी कुठून बोललो असतो?"

"दारातून!" आत्या म्हणाली. "खांबावरचा माणूस मला फार आवडतो हो. पण किती दिवस अशी मान वर करून बोलू? खाली या. जे मनात असेल ते इथे, समोर उभं राहून सांगा. नाहीच जमलं... तर हा फोन घेऊन जा."

तिने फोन ठेवून दिला.

तो उतरला. दारात आला. पक्कड या हातातून त्या हातात, त्या हातातून या हातात.

"मॅडम... फोन..."

पिटुकलीने कपाळावर हात मारला. आत्याने मात्र त्याला शब्द पुरवले नाहीत, नजरही वळवली नाही. थांबली नुसती.

"फोन नाही," तो म्हणाला. कान लालभडक, पण डोळे तिच्या डोळ्यांत. "तुम्ही. मला... तुम्ही आवडता. मध्ये तार नसतानासुद्धा."

"मग आधी ते मॅडम बंद करा."

"करतो... मॅडम."

दोघंही खळखळून हसली. तेवढ्यात शेजारच्या काकू कपड्यांचं गाठोडं घेऊन फाटक उघडताना दिसल्या. पिटुकली चिंध्या झटकत उठली, दोघांच्या मधून सुळकन बाहेर पळाली आणि फाटकात दोन्ही हात पसरून उभी राहिली.

"काकू, थोड्या वेळाने या हं," ती हळूच म्हणाली. "आमच्याकडे एक जण आत्ता कुठे बोलायला लागलाय."