तारेवरच्या चिठ्ठ्या

"मॅडम, लवकर या. गफार मिस्त्रीनं कंपनीच्या माणसाची गचांडी धरलीय."

फोन उमरग्यातल्या कृषी प्रदर्शनातून आला होता. फौजदार शिवरंजनी मांडवात पोचली तेव्हा माणसांचं कडं पडलं होतं. मधोमध साठीचे गफार मिस्त्री उभे होते. त्यांच्या मुठीत एका तरुण विक्रेत्याची कॉलर होती, आणि तो जवळजवळ चवड्यांवर आला होता.

"सोडा त्याला," शिवरंजनी म्हणाली.

तिनं आवाज चढवला नाही. राग आला की तिचा आवाज खाली जायचा, आणि ठाण्यातली माणसं अशा वेळी तिच्यापासून दोन हात लांब राहायची. मिस्त्रींनी मूठ सोडली.

"हे यंत्र माझं हाय," ते म्हणाले. "तीन वर्सं घातली म्या त्याच्यात. आन् ह्यो हितं मांडून बसलाय."

टेबलावर एक लांब दांडा होता. टोकाला छोटी मोटर आणि तिच्यावर चकचकीत गोल पातं. तुरीचे शेंडे खुडायचं यंत्र. शेंडा खुडला की तूर फांद्यांनी भरते, शेंगा वाढतात. पण हातानं खुडता खुडता बायकांची बोटं काळी पडतात. हे यंत्र चाललं, तर उभ्या रानाचं काम उरकणार होतं.

शिवरंजनीनं विक्रेत्याला विचारलं, "हे कुणी बनवलं?"

"आमच्या कंपनीनं. सुधारित आहे, मॅडम." त्यानं कॉलर नीट केली आणि पाठ केलेलं बोलायला लागला. "आधीच्या नमुन्यात पात्याभोवती जाळी होती. वजन वाढायचं, हात दुखायचा. मग जाळी काढली. आता एकदम हलकं."

"आराखडा कुणाचा?"

"मालकांना माहीत. ते हैदराबादला आहेत, फोन बंद आहे. आणि हे चाचा आमचीच नक्कल करून इथं आणणार होते, असं दिसतंय."

मिस्त्री पुन्हा पुढं झाले. शिवरंजनी मधे उभी राहिली.

"तुमच्याकडनं काय चोरीला गेलंय?" तिनं विचारलं.

"काय बी न्हाय. यंत्र दुकानात हाय. कागद जागेवर हायेत." त्यांचा जबडा आवळला. "घरातनंच गेलंय. माझ्या भावाच्या पोरीनं, मदिहानं इकलं. दुसऱ्या कुणाला ठावं न्हाय."

"तिनं तसं सांगितलं?"

"सांगंल कशाला? आज सांजच्या गाडीनं तिला नळदुर्गला बापाकडं धाडतो. पुन्यांदा माझ्या दुकानाची पायरी चढायची न्हाय तिनं."

त्या मारामारीची तक्रार लिहून घ्यायला पाच मिनिटं पुरली असती. शिवरंजनीनं वही उघडलीच नाही. ती मिस्त्रींना जीपमध्ये घालून, एका हवालदारासह त्यांच्या दुकानाकडं निघाली.

दुकान हमरस्त्याला लागून होतं. बाहेरच्या खोलीत वेल्डिंगचं सामान, एक टेबल, जुना संगणक. आतल्या खोलीच्या दाराशी एक मुलगी कपड्यांची पिशवी पायाशी ठेवून उभी होती. बावीस-तेवीस वर्षांची. डोळे लाल, पण मान ताठ.

"मदिहा तू?"

"व्हय. आल्या का मला धरायला?"

"विचारायला आलेय. चाचांचे आराखडे कुठं असतात?"

मदिहा तिला आत घेऊन गेली. शिवरंजनी दारातच थबकली. भिंतीवर आडव्या तारा ताणलेल्या होत्या, कपडे वाळत घालतात तशा. तारांवर प्लास्टिकचे चिमटे, आणि चिमट्यांना चिठ्ठ्या. बियाणांच्या पिशवीचे तुकडे, लग्नपत्रिकांच्या पाठी, बिडीच्या बंडलाचे कागद. प्रत्येकावर पेन्सिलीचं चित्र. अक्षर एक नाही, आकडा नाही, तारीख नाही.

"चाचा लिहीत न्हाईत," मदिहा म्हणाली. "सुचलं की हाताला गावंल त्याच्यावर चित्र काढतात आन् खिशात कोंबतात. मग अर्धा अर्धा दिवस हुडकायचं. एकदा पात्यावरची जाळी सुचली, चिठ्ठी हरवली, आन् सहा म्हैने ते डोकं धरून बसले. म्या बसून एकेक चिठ्ठी इचारली, कधी काढली, कशासाठी. एका यंत्राला एक तार. तवापासनं चाचांना एक चिठ्ठी हुडकावी लागली न्हाय."

"तुरीच्या यंत्राची कुठली?"

मदिहानं मधली तार दाखवली. शिवरंजनी डाव्या टोकापासून बघू लागली. पहिल्याच चिठ्ठीवर पात्याभोवती टोपलीसारखी जाळी होती. पुढच्या चिठ्ठ्यांत ती लहान होत गेली. उजव्या टोकाच्या चिठ्ठीवर पातं उघडं होतं.

"म्हणजे आधी जाळी होती आणि..."

"न्हाय मॅडम. इकडनं." मदिहानं तिला उजव्या टोकाशी नेलं. "ही पैली. जाळी शेवटची हाय, त्या टोकाला. म्या उर्दू शाळेत शिकले, उर्दू उजवीकडनं लिव्हतात. माझा हात हितनंच सुरू होतो. चाचांची नजर बी."

मागून मिस्त्रींचा आवाज आला. "बघितलं? कशी मांडून ठिवलीय. चोराला पाट टाकून ताट वाढलं हिनं." त्यांनी तारेला हात घातला. "अगं, माझा पसारा हेच माझं कुलूप होतं. माझ्या खिशातलं कुणाच्या बापाला समजलं नसतं. तुला कुणी सांगितलं होतं मांडायला?"

त्यांनी तार हिसडली. खिळा निघाला. चिमटे फरशीवर उडाले, चिठ्ठ्या विखुरल्या.

मदिहा वाकली नाही. "तुम्हीच म्हनले होते, पोरी, तू माझं डोकं जाग्यावर आनलं. तवा गोड लागलं. आता मी चोर?"

मिस्त्री बाहेर निघून गेले. वेल्डिंगचा चष्मा भिंतीवर आपटल्याचा आवाज आला.

शिवरंजनी स्टुलावर बसली. मदिहानं बाहेरून मागवलेली भजी तिच्यापुढं ठेवली. तिनं बशी हलकेच बाजूला केली.

"मंगळवार आहे माझा."

मदिहा डब्यातून चार खजूर घेऊन आली. पोरीचं आयुष्य उधळायला निघालंय, आणि ही माझा उपास सांभाळतेय. शिवरंजनीला मिस्त्रींचा मनापासून संताप आला.

"आत कोण कोण येतं?"

"श्रीमंतकाका. चाचांचे दोस्त. यंत्राची चाचणी त्यांच्याच रानात झाली. ते बाहेरच बसतात, पण आले तर कुणी अडवत न्हाय. दुसरा उत्कर्ष. शेतीची पदविका झालीय त्याची. प्रदर्शनाचा फारम त्यानंच भरून दिला, बाहेरच्या संगणकावर."

"खोली कधी मोकळी असते?"

"शुक्रवारी दुपारी. चाचा नमाजला जातात, मी भाकरी आनायला घरी."

शिवरंजनीनं दोघांनाही दुकानात बोलावलं. आधी श्रीमंत आले. धोतर, पांढरी टोपी, आणि उजव्या हाताच्या दोन बोटांची टोकं नसलेली.

"हाताला काय झालं?"

"गफारभाईच्या यंत्रानं खाल्ली," ते म्हणाले. "पैल्या चाचणीला. पातं उघडं होतं, म्या मूर्खागत शेंडा बाजूला कराया गेलो. गफारभाई माझ्यापरीस जास्त रडला. त्या दिवसापास्नं त्यानं जाळीचा ध्यास घेतला. जाळीबिगर यंत्र माझ्या रानात आनशील तर मोडीन, म्हनलं म्या."

"आज प्रदर्शनात गेला होतात?"

"गेलतो. मारामारी सुरू झाली तवा म्होरंच हुतो. मीबी दोन हानल्या असत्या, पर ह्या हातानं काय हानणार."

"यंत्राची माहिती कुणाला विकली का?"

श्रीमंतांनी तिच्याकडं रोखून पाहिलं. "बाई, इकायचं असतं तर बोटं जायच्या आधी इकलं असतं."

मग उत्कर्ष आला. इस्त्रीचा शर्ट, हातात मोटरसायकलची किल्ली. आल्या आल्या मदिहाकडं बघून चुकचुकला.

"फार वाईट झालं, मॅडम. मी चाचांना म्हणालो होतो, मोबाइलमध्ये ठेवा, कुलूप लावून. भिंतीवर कोण टांगतं असं?"

"तू आज प्रदर्शनात गेला होतास?"

"नाही, लातूरला होतो. आत्ताच उतरलो. फोनवर भांडण कळलं, तेवढंच."

"आतल्या खोलीत कधी गेलास?"

"कधीच नाही. माझं काम बाहेर, फॉर्मपुरतं. चाचा मला यंत्राजवळ फिरकू द्यायचे नाहीत. चाचणीलाही बोलावलं नाही."

"म्हणजे यंत्र तू पाहिलेलं नाहीस."

"नाही ना. फॉर्ममध्येही नुसतं नाव लिहिलं."

शिवरंजनीनं सहज विचारल्यासारखं विचारलं, "मग तुझ्यासारख्या शिकलेल्याला काय वाटतं, चालेल का असलं यंत्र बाजारात?"

"चालेल की. आधी चाचांनी जाळीच्या नादात ते जड केलं होतं. मग हळूहळू कमी करत काढून टाकली, हे बरं केलं. हलक्या यंत्रालाच गिऱ्हाईक असतं."

 

श्रीमंतांनी तोंड उघडलं. शिवरंजनीनं हात वर करून त्यांना थांबवलं आणि गफार मिस्त्रींना आत बोलावलं. मग ती उत्कर्षकडं वळली. आवाज इतका खाली गेला की मदिहाला पुढं सरकावं लागलं.

"तुम्ही बसा, उत्कर्ष."

'तू'चं 'तुम्ही' झालेलं ऐकून दारातला हवालदार सावरून उभा राहिला.

"मिस्त्री, तुम्ही यंत्रावरची जाळी कधी काढली?"

"काढली? मी?" मिस्त्री चक्रावले. "श्रीमंताची बोटं गेल्यावर लावली. काढीन कशाला? मानसं मारायचीत का मला?"

"ऐकलंत?" शिवरंजनी म्हणाली. "या यंत्राची जाळी कुणीही, कधीही काढलेली नाही. तरी आज दोन माणसांनी मला ती काढल्याची गोष्ट सांगितली. सकाळी कंपनीच्या विक्रेत्यानं, आणि आत्ता तुम्ही. तुम्ही प्रदर्शनात गेला नाहीत, म्हणजे ती त्याच्याकडून ऐकली नाही. यंत्र पाहिलं नाही, चाचणीला नव्हता. मग ही खोटी गोष्ट तुम्हाला सांगितली कुणी?"

उत्कर्षनं किल्ली मुठीत दाबली. "असंच... चाचाच कधीतरी बोलले असतील."

"मी सांगते कुणी सांगितली. या भिंतीनं." तिनं उपटलेल्या खिळ्याची जागा दाखवली. "इथं तार होती. डावीकडून बघत गेलं की आधी जाळी दिसायची, मग लहान होत जाणारी जाळी, शेवटी उघडं पातं. मीही तसंच वाचलं. तुम्हाआम्हाला तीच सवय. पण मदिहानं तार उजवीकडून लावली होती. ती जवळ होती म्हणून मला दुरुस्त करता आलं. तुम्ही शुक्रवारी दुपारी एकटेच होता. तुम्हाला सांगायला कुणी नव्हतं."

मदिहा हळूच म्हणाली, "म्हणजे शेवटचं समजून ह्यानं पैलं इकलं."

"हो. टाकून दिलेलं, बोटं कापणारं. मदिहानं विकलं असतं तर जाळीचं विकलं असतं, तिला क्रम पाठ आहे. श्रीमंतकाकांनी विकलं असतं तर उघडं पातं त्यांच्या हातून गेलंच नसतं. ही चूक करायला तार दिसायला हवी आणि यंत्र माहीत नसायला हवं. या घरात येणारा तसा माणूस एकच." तिनं हात पुढं केला. "मोबाइल."

उत्कर्षनं मोबाइल दिला नाही. मान वर करून बोलला, आणि आता त्याच्याही आवाजात राग होता.

"मग काय झालं? चाचा बिडीच्या कागदांवरच मेले असते आणि यंत्र त्यांच्याबरोबर गेलं असतं. कंपनीनं मला नोकरी देऊ केली. मी ते बाजारात पोचवलं. चोरी म्हणा पाहिजे तर. पोचवलं मी."

श्रीमंत उठले. त्यांनी तुटक्या बोटांचा पंजा उत्कर्षच्या तोंडासमोर धरला.

"हे पोचवलंस. आता गावोगावच्या बायांच्या हातास्नी. बघ नीट."

उत्कर्षनं नजर फिरवली. हवालदारानं त्याच्या मुठीतून मोबाइल काढून घेतला.

शिवरंजनीनं प्रदर्शनात फोन लावला. तिथलं यंत्र ताब्यात घ्या, एकही विकू देऊ नका, आणि मिस्त्रींच्या यंत्राची जागा राखून ठेवा. मग ती मिस्त्रींकडं वळली. त्यांनी तिची नजर टाळली.

"तुम्ही पसाऱ्याला कुलूप म्हणत होता," ती म्हणाली. "चिठ्ठ्या खिशात असत्या तर चोर कधी सापडलाच नसता. या पोरीनं लावलेल्या क्रमानं तो पकडून दिला. आणि तुम्ही तिला पिशवी भरायला लावलीत."

हवालदार उत्कर्षला घेऊन बाहेर गेला. मिस्त्रींनी फरशीवर पडलेला खिळा उचलला.

"मदिहा," ते म्हणाले. "पिशवी आत ठिव, बेटा. आन् तेवढी तार..."

"न्हाय." ती जागची हलली नाही. "तुम्ही तोडली. तुम्ही लावा."

मिस्त्रींनी खिळा ठोकला. तार ताणली. मग साठीचा तो माणूस गुडघ्यांवर बसून एकेक चिठ्ठी गोळा करू लागला. उघड्या पात्याची चिठ्ठी त्यांनी उजव्या टोकाला लावली. मग दुसरी. मग तिसरी. मदिहा हाताची घडी घालून बघत होती. मधे एक चुकली, तेव्हा ती नुसती म्हणाली, "ती त्याच्या आधी." त्यांनी काढून पुन्हा लावली.

शेवटची, जाळीची चिठ्ठी त्यांनी तिच्यापुढं धरली.

मदिहानं ती लगेच घेतली नाही. आधी खाली पडलेला एक चिमटा उचलला, ओढणीनं पुसला, आणि मग हात पुढं केला.